स्पष्ट आवाज, पण केव्हाचा?

मित्रहो, आत्ता घडलं ते लगेच लिहिते.

आंबेनळी घाटाजवळच्या एका वाडीला मोबाइलची रेंज नाही. तिथल्या देवळात धोक्याच्या वेळेसाठी इंटरनेट फोन बसवलाय. कॉल यूडीपी की टीसीपी, कोणत्या प्रोटोकॉलने म्हणजे आवाज पाठवण्याच्या पद्धतीने चालवावा, ते आज मी महाडहून तपासत होते. यूडीपीमध्ये आवाजाचे हरवलेले तुकडे सोडून देतात. टीसीपीमध्ये ते पुन्हा मागवतात, म्हणून बोलणं पूर्ण मिळतं, पण उशिरा.

पलीकडे देवळातल्या फोनवर वाडीतल्या आनंदीकाकू होत्या. यूडीपीवर आवाज तुटत होता. "मॅडम, तुमच्या फोनला उचकी लागली हाय!" त्या हसल्या.

मग मी टीसीपी लावला. पाऊस वाढला होता. बऱ्याच शांततेनंतर स्वच्छ आवाज आला, "शेरडा गोठ्यात जायला बघत नाय ओ."

"काकू, आता अगदी स्पष्ट!" मी खूश होऊन म्हणाले.

"मॅडम, वरनं माती यायला लागली हाय. पोरांना कुठं नेऊ? बोला की ओ!"

मी ओरडले, "शाळेकडे न्या, लगेच!" पण काकूंचा प्रश्न मघाचाच होता, त्यांचं पुढचं वाक्य आधीच वाटेत होतं. "जाऊ दे, आम्ही निघालो."

त्यानंतर उत्तर नाही. मी कळवल्यावर पोलादपूरहून मदत निघाली आहे.

मी वाक्यांच्या स्पष्टपणाला गुण देत बसले होते. तुम्ही असतात, तर तुटक्या आवाजावर भरवसा ठेवला असता का?

फोन चालूच ठेवलाय. पलीकडून पावसाचा आवाज अगदी स्वच्छ येतोय. तो आत्ताचा आहे की मघाचा, मला सांगता येत नाही.