आबांची पाठ

माझ्या वडिलांची पाठ उभ्या आयुष्यात एकदाही मातीला लागली नाही, आणि त्यापायीच दोन वर्षांत त्यांची दोन हाडं मोडली.

कुस्ती न पाहिलेल्याला हे नीट सांगावं लागतं. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की माणूस चीत, खेळ खलास. म्हणून पैलवान खाली जाताना हवेतच वळतो. पोटावर पडेल, हातावर पडेल, पण पाठ देणार नाही. आबांनी आधी स्वतः हे केलं आणि मग गावच्या तालमीचे वस्ताद म्हणून पोरांना शिकवलं. आता वय सत्तरीच्या पुढं, शुगरनं तळपाय बधिर झालेले. पायातली चप्पल सुटली तरी खाली बघितल्याशिवाय कळत नाही. न्हाणीत पाय घसरला. दुसरा कुणी असता तर बुडावर आदळला असता, चार दिवस कण्हला असता आणि विषय संपला असता. आबा पडता पडता वळले आणि डावं मनगट मोडून बसले. पुढच्या वर्षी गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळले, पुन्हा वळले, गळ्याजवळचं हाड गेलं.

बीडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता तिसऱ्यांदा असं पडले तर खुबा जाईल नाहीतर डोकं. या वयात खुबा गेला की माणूस अंथरुणातून उठत नाही.

गावाकडून वहिनीचे फोन सुरू झाले. "वन्सं, तुमीच या बरं. मामंजी कुणाचं ऐकत न्हाईत. काठी आणून दिली तर म्हणत्यात चुलीत घालीन."

मी परळीला एका शाळेत खेळ शिकवते, त्यातही ज्युदो. सकाळी आधी मॅटवर बसलेली वीज केंद्राच्या चिमण्यांची राख झाडायची, मग पोरी रांगेत उभ्या करायच्या, आणि पहिले पंधरा दिवस फक्त पडायला शिकवायचं. मागं पडायचं, कुशीवर पडायचं. पाठ टेकायच्या क्षणी दोन्ही हात जमिनीवर फाडकन आपटायचे, म्हणजे मार हातांना वाटून जातो. कुणाला कसं पाडायचं ते नंतर. म्हणजे बघा, आबांना जे येत नव्हतं नेमकं तेच शिकवून मी पोट भरते. आणि नेमकं तेच त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतं.

त्याला जुनं कारण होतं. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, असा आमच्याकडं दंडक. लहानपणी मी दाराच्या फटीला डोळा लावून डाव बघायचे आणि पाठीत धपाटा खायचे. आठवीला मामानं परळीला नेलं, तिथं शाळेत ज्युदो होतं, मी लगेच नाव दिलं. पहिल्या सुट्टीत गावी आले तेव्हा मोठ्या हौसेनं अंगणात आबांना करून दाखवलं. मागं पडले, हात आपटले, उठले, परत पडले. आबा बाजेवरून उठले. "पडायला शिकवत्यात व्हय त्या शाळंत?" म्हणाले आणि निघून गेले. त्या सांजेला जेवलेसुद्धा नाहीत. पुढं मी मेडल घेऊन आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कितींदा पडलीस?" मी म्हटलं, "लई येळा." मलाही त्यांचीच जीभ आहे, काय करणार. त्यानंतर वीसेक वर्षं आम्ही दोघं एकाच विषयात आयुष्य घालवून त्यावर एक अक्षर बोललो नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी तलवाड्याची गाडी पकडली. तिथून आमचं गाव जवळच. ओसरीवर आबा आणि त्यांचे दोस्त उस्ताद बसलेले. उस्तादांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मोहरमला लाठी फिरवणाऱ्या आखाड्याचे ते उस्ताद. पन्नास वर्षं झाली, दोघं रोज दुपारी एकमेकांची विद्या खाली पाडतात आणि चहा पितात.

"तुमची लाठी म्हंजी लांबूनच रामराम," आबा म्हणत होते. "अंगाला अंग लागलं तर खरी लढाई."

"और तुम्हारी कुस्ती क्या? दो मरद घंटाभर गले मिलके खडे!" उस्ताद हसले. मला बघून म्हणाले, "आओ बेटा, तुम बोलो. तुम्हारे में क्या करते?"

मी सांगितलं की आमच्यात समोरचा ढकलतो तेव्हा त्याला अडवत नाहीत, त्याचाच जोर वापरून त्याला पाडतात.

"दुसऱ्याच्या जोरावर लढायचं," आबा म्हणाले, "ते पुढाऱ्यांचं काम हाय."

हसू सगळ्यांनाच आलं, मलाही. पण मी काही हसायला आले नव्हते. मी सरळ म्हटलं, "आबा, मी तुमाला पडायला शिकवणार हाय. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. महिनाभरात जमंल."

आबांचं हसू मावळलं. "न्हाई."

"कावून न्हाई?"

"आपणहून पाठ लावायची? पठ्ठ्यांना काय तोंड दाखवू?"

पठ्ठे! तालमीला कुलूप लागून चार वर्षं झालेली. पोरं गेवराईला जिमला जातात, आरशात दंड बघतात. कसले पठ्ठे अन् कसलं काय! माझं डोकंच फिरलं. "तुमची पाठ काय सोन्यानं मढवलीय व्हय? उद्या खुबा मोडून अंथरुणाला खिळलात तर चोवीस तास पाठच टेकलेली राहील! कूस बदलायलासुद्धा दुसरा माणूस लागंल. मग काय करताल?"

वहिनी दारातच थबकली. आबांच्या हातातली बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. बापाला असं बोलायला नको होतं. त्यांचं ओलं धोतर बघून मला माझीच लाज वाटली, पण शब्द गेला होता.

मग उस्ताद हळूच म्हणाले, "पहेलवान, तुमने कित्ते लोगां को आसमान दिखाया. उनमें से कोई मर्या क्या? सब घर गये, खाना खाये, सो गये."

आबा उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तर त्यांनी माझ्यापुढं तालमीची किल्ली टाकली. "गादीवर न्हाई. मातीत. खणून ठेव." बस, एवढंच.

तालमीचं दार उघडून मी उंबऱ्याशी क्षणभर थांबले आणि मग आत गेले. कुणी धपाटा घातला नाही. हौद्यातली माती डांबरी सडकेसारखी घट्ट झाली होती. दोन दिवस कुदळ मारली, ढेकळं फोडली, तळहाताला फोड आले. वहिनीनं घागरभर ताक, हळद आणि गोडं तेल आणून ओतलं. "वन्सं, कुस्ती करायची का कढी?" म्हणाली, आणि पदर खोचून माझ्याबरोबर माती कालवायला बसली. माझ्या डोक्यात सगळा बेत तयार होता. पहिला आठवडा नुसतं बसून मागं लोळायचं. हाडाला धक्का म्हणून लागू द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हापायी सगळं गाव घरात शिरलं असताना, आबा आले. उस्ताद बरोबर होते, पण ते आत आले नाहीत. दारात, रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. कुणाला येऊ द्यायचं नाही म्हणून, आणि स्वतःलाही बघायचं नाही म्हणून.

आबांनी सदरा काढला. गळ्याशी, खांद्याजवळ, हाड जुळल्याची गाठ दिसत होती. त्यांनी मातीला हात लावून कपाळाला लावला, मूठभर माती उचलली आणि माझ्या खांद्यावर टाकली.

पैलवान अशी माती फक्त जोडीवर टाकतो, ज्याच्याशी लढायचं त्याच्यावर.

"आबा, बसा आधी. बसून करायचंय."

"मी आपणहून पडणार न्हाई," ते म्हणाले. "पाडलंस तर पडंन. पाड मला."

"येडं का खुळं तुमी! हाड मोडलं म्हंजी?"

"मग नीट पाड. विद्या हाय म्हणतीस ना?"

मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं असतं तर ते सदरा घालून घरी गेले असते आणि पुन्हा कधी या वाटेला आले नसते. मी एवढ्या पोरी पाडल्यात, उचलून उचलून पाडल्यात. पण बापाला पाडायची वेळ कधी आली नव्हती. मी वाकले, मातीला हात लावला आणि त्यांच्या खांद्यावर चिमूटभर माती ठेवली.

त्यांचा हात माझ्या मानेवर पडला आणि मी गुडघ्यात वाकले. बाई गं, काय पकड! त्यांनी काही सोडून दिलं नव्हतं, खरंच लढत होते. एकदा तर मला हिसका देऊन जवळजवळ खालीच घातलं. मी त्यांचं मनगट धरलं, मोडलेलं नव्हे, दुसरं, आणि त्यांना पुढं येऊ दिलं. एक पाऊल, दुसरं. भार डाव्या पायावर आला, आणि त्या बधिर पायाला ते कळलंच नाही. मला कळलं. मी त्या पायामागं माझा पाय घातला आणि छातीनं रेटलं.

आबा गेले मागं. आणि जाता जाता त्यांची कंबर वळायला लागली. मला हीच भीती होती. तसे वळले असते तर पुन्हा त्याच खांद्यावर गेले असते. मी त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं, छातीशी घट्ट, वळूच दिलं नाही. माझा गुडघा आधी खाली टेकवला, एक हात त्यांच्या डोक्यामागं घातला आणि त्यांच्याबरोबर खाली गेले.

माती मऊ होती. माझ्या तळहातावर त्यांचं डोकं होतं आणि आम्ही दोघं धापा टाकत होतो. "आबा, लागलं का? आबा?" मी विचारत राहिले. ते वर पत्र्याकडं बघत होते.

दारातून उस्तादांनी मान न वळवता विचारलं, "पहेलवान? क्या हुआ?"

जत्रेत आबा पंच असायचे. निकाल देताना त्यांचा एक आवाज लागायचा, हलगी थांबायची त्या आवाजानं. त्याच आवाजात, उताणं पडल्या पडल्या, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "चीत! दोन्ही खांदे टेकले. माझ्या लेकीनं पाडलं."

माझा बांध फुटला. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. त्यांनी मला थोपटलं नाही, गप्प बस म्हणाले नाहीत. रडणं ओसरेपर्यंत नुसते पडून राहिले, पाठ मातीला लावून.

मग म्हणाले, "चल, पूस डोळे. आता शिकव."