गुलनाजची लेन्स आणि सोजराबाईचं वावर

जळगाव जामोदात नवरीच्या खोलीतले फोटो काढायचे असले की एकच नाव निघतं, गुलनाज. मुसलमानांच्या लग्नात पुरुष फोटोग्राफर उंबऱ्यावरच थांबतो, गुलनाजला मात्र बाया हात धरून आत ओढतात. आता हिंदूंच्या घरीही हळदीला अन् बांगड्या भरायला तिलाच बोलावतात. तिची एक रीत आहे. काढलेला प्रत्येक फोटो ती नवरीच्या आईला कॅमेऱ्यातच दाखवते. आईनं मान हलवली तर ठेवते, नाक मुरडलं तर तिच्यासमोरच पुसून टाकते. म्हणून लोक तिच्या हाती घरच्या लेकी-सुना निर्धास्त सोडतात. हा विश्वास तिनं दहा वर्षांत कमावलेला आहे, कोणी दिलेला नाही.

तिचे वडील शाकिरचाचा गाद्या भरतात, रुई पिंजतात. घर म्हणजे दोन खोल्या, त्यातल्या एकीत कायम रुईचा ढीग. चहात तंतू, भाकरीवर तंतू, पोरीच्या वेणीत तंतू. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शिंकून शिंकून बेजार झाले. गुलनाज हसली. म्हणाली, "ताई, मोर्चात लाठी खाल्ली तवा नाही रडल्या, अन् रुईनं रडून राह्यल्या?"

मी भडकले. मी शेतकऱ्यांची कामं घेऊन कचेऱ्यांत भांडते अन् लवकर भडकते, हे तालुक्याला ठाऊक आहे. पण तिच्यावर भडकून फार वेळ टिकता येत नाही.

त्या साली, म्हणजे दोन हजार सतराच्या डिसेंबरात, आमच्या भागातली कपाशी बोंडाच्या आतून सडली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी अन् काळी पडलेली सरकी. बीटी बियाणं घेताना ज्यांनी आम्हाला सांगितलं होतं की आता अळीची चिंता सोडा, त्यातला एकही डिसेंबरात बांधावर दिसला नाही. पंचनाम्याची वाट पाहता पाहता लोकांचा धीर सुटला. कोणी उभ्या पराटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, ढोरं सोडली, कोणी रोटावेटर फिरवला. पीकच मोडलं की पुरावा काय राहणार? म्हणून मी गावोगाव हिंडून भरपाईचे अर्ज भरत होते, अन् मोबाईलवर काढलेले बोंडांचे फोटो त्याला टाचत होते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात सोजराबाईचं अडीच एकर. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. बाई एकटीनं शेत करते, विहीर तिनंच खोल करून घेतली. तिचा अर्ज तहसील कचेरीतून परत आला. बाबू म्हणाला, फोटो चालत नाहीत. मी टेबलावर हात आपटला, त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या अन् फाईल उचलून बाहेर आले. बाहेर येताना पक्कं ठरवलं की आता अशी अळी दाखवते की या माणसाला रात्री स्वप्नात दिसेल.

सोजराबाई म्हणाली, "शनिवारी ट्रॅक्टर येऊन राह्यला, चांगुणा. गहू पेरायचा हाय. त्याच्यानंतर पराटी ठेवणं माह्या हातात नाही." तिनं पराटीची फांदी हातानं दाबून सरळ केली, जणू ती अजून वाढणारच होती.

दिवस होता बुधवार. मी तशीच गुलनाजकडे गेले. अन् तिच्याकडे लेन्सच नव्हती.

कॅमेरा होता. तिच्या मामेभावानं वापरलेला, पण चांगला. त्याच्यासोबत आलेली एकुलती एक लेन्स मागच्या आठवड्यात हळदीच्या ताटात पडली होती. गोल कडं फिरवलं की दळण दळल्यासारखा आवाज यायचा अन् ते मध्येच अडायचं. पुढच्या शुक्रवारी तिच्याकडे एक निकाह होता. तिला नवी लेन्स घ्यायचीच होती, अन् एकच घेता येणार होती. दोन घ्यायची ऐपत नव्हती, हे एक. दुसरं कारण तिनं मला गंभीरपणे सांगितलं. "लेन्स बदलाची म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड उघडाचं. माह्या घरात उघडलं तं आत रुई, वावरात उघडलं तं आत माती. एकदा बसवली का बसवली. सून घरात आल्यावानी."

"मंग अळी मोठी दिसन अशी घे," मी म्हटलं.

तिनं अडलेलं कडं पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी नांदुऱ्यावरून खामगावला गेलो. तिथे सईदभाई म्हणून एक म्हातारे कॅमेरे दुरुस्त करतात अन् लेन्सा विकतात. त्यांनी कपाटातून तीन काढून मखमलीवर ठेवल्या. पहिली छोटी, पन्नास मिलिमीटरची, अंधारात चांगली चालणारी. दुसरी जाडजूड, जवळचं बारीक मोठं करून दाखवणारी. तिसरी लांबोडी, अठरापासून एकशे पस्तीसपर्यंत फिरणारी.

मी दुसरीवर झडप घातली. सईदभाईंनी ती कॅमेऱ्याला लावून टेबलावरची मुंगी दाखवली. मुंगीच्या मिशा दिसत होत्या! मी म्हटलं, "हेच! हेच पाह्यजे."

गुलनाजनं पन्नासची लावली, अन् एक विचित्र काम केलं. दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली. गिऱ्हाईक तिच्याकडे पाहू लागले. डोळा कॅमेऱ्याला लावून म्हणाली, "सईदचाचा, दारात उभे राहा. टोपीपासून चपलेपर्यंत या."

"आलो का?"

"अर्धेच आले. नवरीच्या खोलीत माह्याजवळ एवढीच जागा राह्यते. अजून मांगं जाऊ तं भिंत पाडाव लागन."

मग तिनं लांबोडी लावली. सईदभाई पुरे आले, दार आलं, शेजारचं बाकडंही आलं. जागची न हलता तिनं कडं फिरवलं अन् हसली. "चाचा, चष्म्याले तडा गेला हाय तुमच्या."

"बेटा, इमानदारीनं सांगतो," सईदभाई म्हणाले, "हे सगळं करते, पण कशातच पहिला नंबर नाही. लांब ओढली का अंधारी पडते. पन्नासच्या सारखं चेहऱ्याले पानी नाही येत. मुंगीच्या मिशा तं इसराच."

"फ्लॅश चुन्याच्या भिंतीवर मारतो मी. उजेड भागते," ती म्हणाली. अन् तीच लेन्स घेतली.

माझं डोकं फिरलं. भर दुकानात मी म्हटलं, "तुले लग्नाच्या सुपाऱ्या दिसतात. लोकाईचं वावर गेलं तरी चालते!"

हे बोलायला नको होतं. तिच्या घराचं चाक ज्या कापसावर फिरतं, तोच कापूस सडला होता. शाकिरचाचांच्या खोलीतला ढीग त्या वर्षी निम्मासुद्धा नव्हता. मला ते माहीत होतं. तरी बोलले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. नांदुरा मागे पडल्यावर तिनं एकच विचारलं, "ताई, फोटो काऊन चालत नाही म्हणे तो बाबू?"

मी विचारलंच नव्हतं. भांडले होते, पण विचारलं नव्हतं.

"जुने फोटो दाखवा बरं."

मी मोबाईल दिला. तिनं एकेक फोटो पाहिला. बोंड, बोंड, फोडलेलं बोंड, तळहातावरची अळी. तिनं मोबाईल परत दिला. "ताई, हे बोंड कोणाचं हाय?"

"सोजराबाईचं!"

"तुमाले माहीत हाय. फोटोले माहीत नाही. हा हात कोणाचाई असू शकते. हे बोंड तं रस्त्यावरचंई असन."

बसचा पुढचा सगळा रस्ता मी तेच फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसले. मी भांडले नाही, हे माझ्या ओळखीच्या लोकांना सांगितलं तर विश्वास ठेवायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी गुलनाज नवी लेन्स लावून वावरात हजर. सोजराबाई नवं लुगडं नेसून बांधावर उभी होती, पण कॅमेरा पाहताच तोंड फिरवलं. "सडक्या पिकासंग फोटो नाही काढाचा मले. चांगलं पिकलं तवा कोणी आलं नाही. आता मले भिकारीण बनवून कागदावर चिकटवता का?"

मी पुन्हा तोंड उघडणार, तोच गुलनाज पुढे झाली. "मावशी, फोटो काढतो, तुमाले दाखवतो. तुमी नाही म्हणसान तं तुमच्यासमोर पुसतो. अर्जाले लागला तरी पुसतो. ताई ओरडन, ओरडू द्या."

सोजराबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

गुलनाज पराटीच्या दोन ओळींमध्ये उभी राहिली. पहिल्या फोटोत तिनं सगळं घेतलं. मागे सातपुड्याची रांग, उजवीकडे विहीर, तिच्या काठावर रंगानं लिहिलेला गट नंबर, मधे उभी सोजराबाई, हातात फोडलेलं बोंड. मग पाय न हलवता कडं थोडं फिरवलं, फक्त बाई अन् बोंड. अजून फिरवलं, फक्त हात अन् बोंडातली अळी. बोटातली पितळी अंगठी तीच, बांगड्या त्याच. तिन्ही फोटो एकामागं एक पाहिले तर कोणीही म्हणावं की हेच वावर, हीच बाई, हेच बोंड.

सोजराबाईनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पहिला फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "मी एवढी म्हातारी झालो का व?" मग विहिरीवर बोट ठेवलं. "हे पाह्य, माही हिर बी आली." (ती विहिरीला हिरच म्हणते.) मग पदरानं काच पुसली. तिचंच बोट उमटलं होतं तिच्यावर.

"पुसू का मावशी?"

"हात नको लावू त्याले."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला अन् पराटी मातीत गेली. सोमवारी मी तीन फोटो टाचून अर्ज घेऊन कचेरीत गेले. बाबूनं मला पाहताच खुर्ची मागे सरकवली. मी हात खिशात घालावेत तसे पदरात गुंडाळून घेतले अन् विचारलं, "आता चालते का, भाऊ?" त्यानं तिन्ही फोटो ओळीनं लावून पाहिले, गट नंबर उताऱ्याशी ताडला अन् शिक्का मारला. भरपाई कधी येईल, ते मी अजून विचारते आहे. पण अर्ज यादीत चढला.

कचेरीतून सरळ गुलनाजकडे गेले. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. माफी मागायची सवय मला नाही. मी म्हटलं, "शिक्का मारला."

"हाव?"

"अजून अकरा वावरं बाकी हायेत. गहू पेराच्या आधी."

तिनं ताट बाजूला ठेवलं अन् बोटांवर दिवस मोजले. "शुक्रवारी निकाह हाय, तो सोडणार नाही. बाकी शनिवारपर्यंतचे चार दिवस तुमचे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अन् ताई, बायांशी मी बोलन. तुमी फक्त अर्ज धरा."

मी हो म्हटलं.