दुपारीच आलेला समतोल

मित्रहो, खरं तर आज विभागाच्या फलकावर हे आनंदानं लिहायला हवं होतं.

अतिवेगानं गरगरणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राच्या सेलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कुपीत, आज प्रथिनाचं द्रावण नेहमीसारखं भरपूर न घालता उथळ थरच घातला. रेणूंना सरकायला अंतरच थोडं, त्यामुळे ते स्थिरावून एरवी दोन दिवस घेणारा समतोल दुपारीच आला!

आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यासोबत काम करणाऱ्या शालूताईनं मात्र फक्त वहीत वेळ टिपली.

गेल्या महिन्यात वडील अत्यवस्थ असल्याची काटोलहून तार आली, तेव्हा तिचं द्रावण फिरत होतं. मशीन बंद केलं तर पुन्हा नंबर कधी लागणार, म्हणून समतोल येईपर्यंत ती दोन दिवस थांबली. घरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आज तिनं तो सेल उजेडात धरून मला विचारलं, "इतकुसंच भराचं होतं काय गा?"

म्हणून फलक कोराच ठेवला, मित्रहो.