काकांचं नाक आणि काकांचा मास्क

प्रयोगशाळेतल्या काकांना सूक्ष्मदर्शकापेक्षा स्वतःच्या नाकाचा भरवसा जास्त. जंतू वाढवलेली प्लेट उघडायची, मास्क खाली ओढायचा, हुंगायचं आणि जंतूचं नाव सांगून मोकळं व्हायचं. प्लेट हुंगू नये, अशी पाटी भिंतीवर होती. ती काकांनीच लावली होती, इतरांसाठी. पुढे मास्क पुन्हा वर घ्यायचाही त्यांना कंटाळा यायला लागला. नवजात बाळांच्या वॉर्डात नमुने घ्यायला गेले, तरी तो हनुवटीवरच.

"काका, मास्क वर घ्या," तिथल्या मावशी हटकायच्या. फरशी पुसणाऱ्या बाईनं आपल्याला जंतू शिकवावेत! काकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मग वॉर्डातल्या बाळांच्या अंगावर पुवाच्या पुटकुळ्या उठल्या. हा जंतू मोठा लबाड. धडधाकट माणसाच्या नाकात वर्षानुवर्षं फुकट राहतो, घरमालकाला साधी शिंकही येऊ देत नाही आणि कोवळ्या कातडीवर पोचला की उच्छाद मांडतो. तो कुणाच्या नाकात आहे, हे शोधायचं ठरलं. काकांनी तपासणीआधीच निकाल दिला, "मावशी. सारख्या नाक ओढत असतात." वॉर्डाच्या मुख्य परिचारिका मेट्रनबाईंनी मावशींना सांगून टाकलं, जंतू निघाला की काम बंद. मावशींच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरली. स्वच्छ नाक कसं असतं ते दाखवायला काकांनी स्वतःचीही प्लेट लावली.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या प्लेटवर निरुपद्रवी पांढरे ठिपके होते. काकांच्या प्लेटवर सोनेरी ठिपके, प्लेटमध्ये जंतूंना खायला घातलेलं भोवतीचं रक्त विरघळवून ऐसपैस बसलेले. थेट बाळांच्या नमुन्यांत निघाले होते तसेच. काकांनी सवयीनं हुंगून पाहिलं. काहीच वास आला नाही. आपला तो बाब्या!

ही प्लेट कुणी मागितलीच नव्हती. भट्टीत टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. काका ती घेऊन निघालेही. पण व्हरांड्यात मावशी, काम गेलंच असं धरून, आपला डबा आणि चपला पिशवीत भरत होत्या. काकांना स्वतःचीच लाज वाटली. ते मेट्रनबाईंकडे वळले आणि प्लेट पुढे करून म्हणाले, "जंतू माझ्या नाकात आहे, मावशींच्या नाही."

मेट्रनबाईंचे डोळे भरून आले. "गरिबासाठी स्वतःच्या अंगावर घेताय? काका, केवढं मोठं मन तुमचं!"

खोटं कशाला सांगा, काकांना ते आवडलं. क्षणभर मन खरंच मोठं झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी कापसाची काडी मेट्रनबाईंच्या हातात दिली आणि मान मागे टाकली. "घ्या, तुमच्या हातानं घ्या."

त्याही प्लेटवर सोनंच पिकलं. काकांना नाकात लावायला मलम मिळालं आणि वॉर्डाची बंदी. मावशींचं काम राहिलं.

काका त्यांची माफी मागायला व्हरांड्यात गेले. जंतू नाकात कसा दडतो, श्वासातून, हातातून कसा पसरतो, सगळं समजावून सांगितलं. पोछ्याच्या दांड्यावर हात ठेवून मावशींनी ऐकून घेतलं.

"मग मी इतके दिवस मास्क वर घ्या म्हणत होते, ते काय मला तुमचं तोंड बघवत नव्हतं म्हणून? निदान आत्ता तरी घ्या!"

काकांनी हनुवटी चाचपली. मास्क तिथंच होता.