करंगळीपर्यंत

गोरेगावच्या आठवडी बाजारात मी ज्याच्याकडून मासळी घेतो, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही माझं. बोलायचा त्याला कंटाळा. भाव एकदाच सांगतो. घासाघीस सुरू झाली की टोपलीवर पाणी शिंपडत बसतो.

पावसाळ्याआधी त्याच्याच कोयत्यानं त्याचा हात मनगटाच्या वर कापला. डॉक्टरनं तुटलेली नस जोडली, पण करंगळी मेल्यासारखीच राहिली. तेव्हापासून दुकान मांडलं की तो आधी एक मागूर मासा उचलायचा आणि त्याचा कल्ल्यामागचा काटा त्या करंगळीत रुतवायचा. मागूरचा काटा लागला तर माणूस रडकुंडीला येतो. बाकीचे विकणारे मागूर फडक्यानं धरतात. हा मात्र रक्त पुसायचा आणि तराजू हातात घ्यायचा. मला ते बघवत नसे.

"काऊन टोचून राहिले जी?" मी एकदा विचारलं.

"नसेची पेशी मानेपाशी जित्ती हाये म्हणते डॉक्टर. तिचा धागा कटला. नवा धागा फुटून खाली येऊन राहिला. कुठवर आला, पाहतो."

थंडीत एका बाजाराला, मी समोर उभा असताना, त्यानं हात झटकन मागं घेतला. डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ तो करंगळीकडे बघत राहिला. मग खात्री करायला त्यानं काटा पुन्हा एकदा टोचला.

आता तोही मागूर फडक्यानं धरतो.