धूळ बसली तो रविवार

आज जिथे सोफासेटचं चकचकीत दुकान आहे, तिथे एके काळी फटफट्यांच्या शर्यती व्हायच्या, असं त्या दुकानदाराला सांगून पाहा. तो तुम्हाला बसायला देईल, पाणी देईल, आणि घरचं कोणी सोबत आलंय का, असं हळूच विचारेल.

तेव्हा तिथे भला मोठा गोल खड्डा होता. वीटभट्टीवाल्याने वर्षानुवर्षं तिथून माती उपसली आणि माती संपल्यावर खड्ड्याला मैदान म्हणायचं ठरवलं. कडेने बाकं मांडली, तिकिटाची खिडकी उघडली. लोक खुशीने आले. पैसे देऊन खड्ड्यात जायची गावाला पहिल्यापासून हौस.

तळाची माती पिठासारखी बारीक. पाच फटफट्या सुटल्या की पहिल्याच वळणाला धुळीचा डोंगर उभा राहायचा. लोकांना दिसायची ती सुरुवात, आणि शेवटी धुळीतून बाहेर पडणारी पाच पांढरी भुतं. मधली शर्यत भोंगा सांगायचा.

भोंगा म्हणजे भाजीबाजारात लिलाव पुकारणारा गडी. माना टाकलेल्या कोबीचं असं गुणगान करायचा की व्यापारी आधी पाकीट उघडत, मग डोळे. रविवारी तो मचाणावर चढे, कर्णा तोंडाला लावी आणि काहीही न दिसता सगळं सांगे. "चार नंबर आत घुसला! शाब्बास! मागे बघू नकोस, लेका!" बाकांवरची माणसं उठून उभी राहत, खोकत खोकत टाळ्या वाजवत. निशाण दाखवणाऱ्यालाही काही दिसत नसल्याने निकाल तो भोंग्यालाच विचारून घेई. इतका निःपक्षपाती कारभार शोधून सापडायचा नाही.

चार नंबर हा भोंग्याचा मेहुणा. पंक्चर काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी मात्र तो मागे दुधाची चरवी बांधल्यासारखी चालवी. तरी बहुतेक रविवारी तोच जिंके. बायकोचा लाडका धाकटा भाऊ हरला तर घरी आठवडा कसा जाईल, हे भोंग्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि मेहुण्याला तरी धुळीत पुढचा-मागचा कुठे दिसत होता? कर्ण्यातून 'पुढे' ऐकू आलं की तो पुढे असे. गल्लीतून कॉलर वर करून फिरे.

सगळं असं छान चाललं असताना वीटभट्टीवाल्याला सुधारणेचा झटका आला. आजूबाजूच्या बाया वाळत घातलेल्या धुण्यावरून त्याला रोज शिव्या घालत होत्या. त्याने पाण्याचा टँकर आणला आणि खड्डा भिजवून काढला.

"आता शर्यत कशी आरशासारखी दिसेल बघा!" तो म्हणाला.

दिसली. पाच माणसं कोपरं बाहेर काढून, दळण आणायला निघाल्यासारखी गोल गोल फिरत होती. चार नंबर सगळ्यांच्या मागे, एकटाच, रमतगमत. पुढच्या बाकावर बसलेली भोंग्याची बायको मचाणाकडे बघत होती.

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोलावं तर घर पेटणार. खोटं बोलावं तर उद्यापासून बाजारात त्याच्या कोबीवर कोण विश्वास ठेवणार? त्याने घसा खाकरला.

"चार नंबर... शेवटचा आहे."

"मग आजवर जिंकत कसा होता रे?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि अख्खा खड्डा हसला.

मेहुण्याने भर शर्यतीत गाडी उभी केली आणि चिखलाच्या बुटांनी तो मचाणावर चढला.

"दाजी, काय म्हणालात?"

"दिसतंय ते म्हणालो."

"मला वाटलं मी पुढे आहे!"

"मागे वळून बघायचंस की."

"बघू नकोस असं तुम्हीच तर सांगायचात!"

खालून बायको उठली. "दोघंही उतरा आधी. अहो, माझा भाऊ मला ओळखू येत नाही होय? त्याची गाडी शिंकत चालते. दर रविवारी सगळ्यात शेवटी तीच शिंकायची."

भोंगा शिडीवरच थबकला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"घरात कधी माझ्या माहेराबद्दल दोन शब्द बरे बोललात? आठवड्यातून एकदा कौतुक व्हायचं, तेही कर्ण्यावरून, गावासमोर. ते मी कशाला बंद पाडू?"

पुढच्या रविवारी बाकं रिकामी. दळण आणायला जाणारी माणसं लोकांना रस्त्यावर फुकट दिसत होती. वीटभट्टीवाल्याने खड्डा राडारोड्याने भरला, विकला, आणि सुधारणा पूर्ण झाली.

बाजारात भोंग्याचा शब्द पडू लागला तशी त्याने खालच्या आवाजात लिलाव करायची सवय लावून घेतली. आता व्यापारी प्रत्येक गड्डा हातात घेऊन, पालटून बघतात. घर काही पेटलं नाही. तिथे शिक्षा निराळीच निघाली. संध्याकाळी जेवणं झाली की बायको हात पुसत समोर येऊन बसते.

"हं, बोला," म्हणते.

भोंगा शब्द शोधत राहतो. मेहुणा शेजारीच भिंतीला टेकून बसलेला असतो, दिव्याच्या उजेडात, अगदी स्वच्छ दिसत.