पाठीचा फोटो

ओली फिल्म उजेडाला धरली आणि मी सिस्टरला म्हणालो, "बाईंच्या छातीत गाठ आहे का बघा."

"सर, चिठ्ठीवर पाठदुखी लिहिलंय."

"लिहू द्या हो. बघा तुम्ही!"

सत्तरच्या दशकात जालन्यात मी एक्स-रेचा डॉक्टर होतो. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक मणक्याला दोन डोळे असल्यासारखे गोल दिसतात. या फोटोत एका मणक्याचा एक डोळाच गायब होता. कॅन्सरनं हाड खाल्लं की असं दिसतं. आणि बायकांत तो पुष्कळदा स्तनातून आलेला असतो.

पेशंट सुमनबाई, तीर्थपुरीच्या एका गुरुजींची बायको, वय पस्तिशीचं. तेव्हा ओपीडीत बाई पदर घेऊन गप्प उभी राहायची. सोबतची बाई बोलायची आणि दुखतं कुठं ते स्वतःच्याच अंगावर दाखवायची. जात-धर्म कुठलाही असो, रीत हीच. सुमनबाईंच्या सासूनं स्वतःच्या पाठीवर हात ठेवला होता. डॉक्टरांनी पाठ लिहिली.

सिस्टर पडद्यामागून आल्या, चेहरा उतरलेला. गाठ फुटली होती, वर हळदीचं फडकं बांधलेलं.

मग छातीचा आणि खुब्याचा फोटो काढला. फुप्फुसात ठिपके, खुब्याचं हाड पोखरलेलं.

सर्जनसाहेब म्हणाले, "गाठ काढून टाकतो."

"काढून काय उपयोग? हाडात गेलंय. मुंबईला रेडिएशनची लाइट घ्यायला पाठवा, दुखणं तरी कमी होईल."

गुरुजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, मला तर बिलकुल म्हाईत न्हाई. ही कधी बोललीच न्हाई."

पडद्याआडून सुमनबाई म्हणाल्या, "आत्याबाईंला सांगितल्तं की. वरीस झालं. त्या म्हणल्या, गड्यामाणसाला छाती कशी दाखवायची? मंग पाठ दुखाया लागली, तवा आणलं."

सासूनं कपाळ बडवून घेतलं. "माझंच तोंड जळो! लेकराची अब्रू झाकाया गेले गं!"

तिच्यावर रागवावं तरी कसं?

सुमनबाईंनी मुंबईला लाइट घेतली. दुखणं उतरलं, काही महिने उठून बसल्या, पोरांना जेवू घातलं. मग गेल्या. वर्षभर आधी आल्या असत्या तर कदाचित जगल्या असत्या. अजून हळहळ वाटते.

त्यानंतर मी नियमच केला. सोबतची माणसं बाहेर, सिस्टर आत, आणि बाईला स्वतः विचारायचं. भांडणं झाली. होऊ दिली. जिचं दुखतंय तिला विचारावं, एवढं कळायला मशीन लागत नाही.